कच्चा लिंबू आणि जाणते गडी
(सामूहिक खेळांच्या शिकवणीचा एक अलिखित इतिहास)

१

कोपरगावात रयत शिक्षण संस्थेचे जे महाविद्यालय आहे, त्याचे पूर्ण नाव 'श्री सद्गुरू गंगागीर महाराज सायन्स, गौतम आर्ट्स आणि संजीवनी कॉमर्स कॉलेज' असे आहे. रोजच्या बोलण्यात त्याचे 'एस. एस. जी. एम.' होते आणि आद्याक्षरांच्या गर्दीत गंगागीर महाराज दिसेनासे होतात. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने मात्र या नावापाशी क्षणभर थांबावे असे त्यात काही आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या 'श्रीसाईसच्चरित' या ओवीबद्ध ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात गंगागीरांची हकीकत येते. गंगागीर कुस्तीचे शौकीन होते. एकदा आखाड्यात कुस्ती चालू असतानाच त्यांना एका सिद्धाचे शब्द ऐकू आले, की हा देह देवाशी खेळण्यात झिजवावा. त्यांनी संसार सोडला, आणि तेव्हा कोपरगाव तालुक्यात असलेल्या पुणतांब्याजवळ, नदीकाठी मठ करून ते शिष्यांसह राहू लागले. त्याच अध्यायात शिर्डीच्या साईबाबांनी मोहिद्दीन तांबोळी याच्याशी केलेल्या कुस्तीचाही उल्लेख आहे. एकाच अध्यायात दोन सत्पुरुष आणि दोन कुस्त्या आहेत, आणि दोन्हीं ठिकाणी कुस्तीनंतर आयुष्याला वेगळे वळण लागते.

गंगागीरांनी सुरू केलेला अखंड हरिनाम सप्ताह गोदाकाठच्या या पट्ट्यात आजही दरवर्षी भरतो. तो एका जागी बांधलेला नाही. दरवर्षी त्याचे गाव बदलते. २०२४ साली सिन्नर तालुक्यात पंचाळे येथे झालेला सप्ताह १७७वा होता. गाव बदलते, तसे यजमानही बदलतात, मंडप नवा पडतो, आणि टाळ हाती धरून पहिल्यांदाच रांगेत उभी राहणारी मुलेही दरवर्षी नवी असतात. प्रस्तुत लेखाचा विषय हीच मुले आहेत. त्यांना पावली कोण शिकवते? कशी शिकवते? आणि ज्या कृतीवर या सगळ्या परंपरेचा डोलारा उभा आहे, तिची नोंद कोणत्याही पोथीत वा दप्तरात का सापडत नाही?

२

सिद्धाच्या त्या वचनातील 'खेळ' हा शब्द रूपक म्हणून सोडून देता येत नाही. मराठीत आपण लेझीम 'खेळतो', फुगडी 'खेळतो', टिपऱ्या 'खेळतो', गोफही 'खेळतो'. दिंडीतले टाळकरी पावली 'खेळतात'. रिंगणानंतर उड्यांचा 'खेळ' होतो. यांपैकी बहुतेक प्रकारांना इंग्रजी पुस्तके सरसकट नृत्य म्हणतील, आणि शास्त्रदृष्ट्या ते चूकही नाही. पण मराठी बोलणाऱ्याने 'मी लेझीम नाचलो' असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. नाच म्हटले की पाहणारा समोर येतो. खेळ म्हटले की सोबतचे गडी आठवतात. पाहणारा नसला तर नाच अपुरा वाटतो, आणि गडी नसले तर खेळ सुरूच होत नाही.

या भेदाचा एक परिणाम असा, की खेळात अनाडी माणसासाठी आधीपासूनच एक जागा राखलेली असते. मुलांच्या खेळात धाकट्या भावंडाला 'कच्चा लिंबू' म्हणून घेतात. तो पळतो, लपतो, शिवला जातो, पण त्याचे बाद होणे मोजले जात नाही. त्याला बाहेर बसवून नियम समजावून सांगण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. तो खेळता खेळता नियम शिकतो, आणि एक दिवस थोरल्यांच्या लक्षात येते की याला आता कच्चा लिंबू म्हणण्यात अर्थ नाही. कच्चा लिंबू ही दया नसून शिकवणीची एक पद्धत आहे, आणि ती इतकी रुळलेली आहे की तिच्याकडे पद्धत म्हणून कोणी पाहत नाही.

संतांच्या रचनांकडे या अंगाने पाहिले तर काही गोष्टी नव्याने ध्यानात येतात. तुकोबांच्या गाथेत फुगडी, टिपरी, हमामा, हुतूतू, विटीदांडू अशा खेळांवरचे अभंग वेगळ्या गटाने छापलेले आढळतात. एकनाथांच्या भारुडांतही फुगडी आणि पिंगा आहेत. अध्यापनात आपण त्यांचे 'रूपकात्मक रचना' असे वर्गीकरण करतो, खेळाचा प्रत्येक घटक कोणत्या तत्त्वाचे प्रतीक आहे याची कोष्टके करून घेतो, आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. पण या रचना ज्यांच्यापुढे गायल्या गेल्या त्यांना तो खेळ अंगाने येत होता, हे कोष्टकात बसत नाही. वेदान्त न कळणाऱ्याला फुगडी मात्र कळत होती. तिच्यात तोल दोघींचा मिळून असतो, एकीने हात सोडला तर दुसरी पडते, हे सांगायला भाष्यकाराची गरज नव्हती. चंद्रभागेच्या वाळवंटात वैष्णवांनी मांडलेल्या खेळाचे जे वर्णन तुकोबा करतात, त्यात खेळणारे एकमेकांच्या पायी लागतात आणि वर्णाचा अभिमान विसरतात. थोर-लहान असा भेद तेथे गळून पडतो. जाणत्याने नवख्याच्या पाया पडावे, ही त्या खेळाची रीत आहे. ती काव्यातली अतिशयोक्ती नव्हे. वारीत ती आजही डोळ्यांनी पाहता येते.

३

तालमीत ही रीत वेगळ्या रूपात होती. तालमीतला वस्ताद हा बहुधा पगारी शिक्षक नसे. गावातला एखादा उतारवयाचा मल्ल सकाळ-संध्याकाळ आखाड्यात येऊन बसे आणि पोरांचे डाव पाही. खरी शिकवणी होई ती 'जोर' करताना. जोर म्हणजे सरावाची लढत. त्यात थोरला पैलवान धाकट्याशी लढतो, पण सगळे बळ लावत नाही. धाकट्याला जेवढे पेलेल तेवढेच तो लावतो, त्याला डाव टाकू देतो, चुकला तर पकड किंचित आवळून चूक कळवतो. येथे उपदेश जवळजवळ नसतोच. शरीर शरीराला शिकवते. आपले बळ राखून लढणे हे पूर्ण बळाने लढण्यापेक्षा अवघड असते, कारण त्यासाठी समोरच्याचे बळ अचूक ओळखावे लागते. गंगागीरांनी आखाडा सोडला तेव्हा त्यांनी कुस्ती सोडली; समोरच्याचे बळ ओळखून त्याच्याशी खेळण्याची ही सवय सोडली असेल असे मात्र वाटत नाही. ज्या सप्ताहात दरवर्षी नव्या गावाच्या नव्या हातांनी सगळे करायचे असते, तो उभा करायला हीच सवय लागते.

लेझीम ही मूळ याच तालमीतली. शब्द फारसी, अर्थ, सरावाचे धनुष्य. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले ते जड धनुष्य ओढून ताणून मल्ल दंड आणि छाती कमावीत. पुढे त्याचा दांडा आखूड झाला, साखळीत पातळ चकत्या आल्या, मधोमध मूठ आली, आणि बळ कमावण्याच्या साधनाला आवाज फुटला. हा बदल लहान दिसला तरी त्याचा परिणाम मोठा झाला. जड धनुष्य एकट्याने ओढायचे असते. आवाज फुटलेली लेझीम एकट्याने वाजवली तर तिचा नुसता खुळखुळाट होतो. तिला सोबत लागते, हलगी किंवा ढोल लागतो, रांग लागते. एका माणसाच्या व्यायामाचा अशा रीतीने अनेकांचा खेळ झाला, आणि अनेकांचा खेळ झाल्याबरोबर कच्च्या लिंबाला कोठे उभे करायचे हा प्रश्न आला.

उत्तर तालमीने दिले तेच दिंडीनेही दिले होते: जाणत्यांच्या मध्ये. दिंडीत पुढे पताकाधारी, मग समोरासमोर टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यामध्ये मृदंग, आणि मागे वीणेकरी असतो. नवा मुलगा रांगेच्या टोकाला राहत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना मुरलेले टाळकरी असतात आणि समोरच्या रांगेतही एखादा जुना वारकरी त्याच्या नजरेसमोर असतो. डावीकडून खांद्याचा हेलकावा कळतो, उजवीकडून टाळेचा आघात कळतो, समोरून पाऊल दिसते. तिन्ही बाजूंनी एकच गोष्ट सांगितली जात असताना चुकणे कठीण होते. आणि चुकलाच तर शेजारचा क्षणभर आपली पावली आखडती घेतो, त्याला ठेक्यावर आणतो आणि पुढे जातो. अभंग थांबत नाही. चूक झाली म्हणून खेळ थांबवायचा नाही, हा या शिकवणीचा सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणावा लागेल.

आळंदीच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्तबद्ध घडी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी घालून दिली. ते पूर्वी शिंद्यांच्या पदरी सरदार होते. चोपदाराने चोप उंचावताच हजारो टाळ एका क्षणी थांबतात, यात लष्करी शिस्तीचा अंश आहे हे उघड आहे. १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढणारे विष्णुबुवा जोग हेही तरुणपणी तालमीत रमलेले. मल्ल, शिपाई आणि वारकरी यांची ही जवळीक गंगागीरांपुरती नाही. अंगाने शिकलेली माणसेच पुढे अंगाने शिकवण्याची घडी बसवू शकली, असे यातून दिसते.

४

विसाव्या शतकात या अलिखित शिकवणीला प्रथमच कागद मिळाला. बडोद्याचे प्रा. माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिरात सांघिक व्यायामाची पद्धत बसवली आणि कवायतीचे हुकूम देशी भाषेत आणले. त्यांचे शिष्य स्वामी कुवलयानंद पुढे मुंबई इलाख्याच्या शारीरिक शिक्षणाच्या आखणीत अग्रभागी होते. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापले. त्या मंडळाच्या संघाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्याच वर्षापासून बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली 'व्यायाम ज्ञानकोश' खंडशः निघू लागला. तालमीच्या मातीत आणि गावच्या मिरवणुकीत जे अंगावरून अंगावर जात होते, त्याला आता क्रमांक, आकृत्या आणि हुकूम मिळाले. शाळेच्या पटांगणावर शिट्टी वाजू लागली, लेझीम चार मोजणीत बांधली गेली, आणि तालमीचे तोंडही न पाहिलेली मुले ती शिकू लागली.

या बदलाचे ऋण मान्यच केले पाहिजे. ते झाले नसते तर लेझीम काही तालुक्यांपुरती उरली असती. पण कागदावर जे उतरले ते खेळाचे प्रकार. शिकवणाऱ्याची रीत उतरली नाही. पुस्तक सांगते की तिसऱ्या मोजणीला डावा पाय पुढे घ्यावा. ज्याचा पाय तिसऱ्या मोजणीला पुढे येतच नाही, त्याचे काय करावे, हे पुस्तक सांगत नाही. शाळेतल्या शिट्टीचे उत्तर सोपे होते: त्याला मागच्या रांगेत घाला, आणि पाहुणे येणार असतील त्या दिवशी बसवून ठेवा.

ही उणीव ज्यांनी बऱ्याच अंशी भरून काढली त्यांत राष्ट्र सेवा दलाचा उल्लेख करावा लागेल. १९४१ साली एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली दलाची नव्याने उभारणी झाली. संध्याकाळच्या शाखेत प्रार्थना, खेळ, लेझीम, गाणी आणि बौद्धिक असा क्रम असे. शिकवणारा शाखानायक हा बहुधा शिकणाऱ्यांपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठा असे. त्याला वेतन नव्हते, पदवी नव्हती, आणि गेल्या वर्षी तो स्वतःच चुकत होता हे सर्वांना माहीत होते. शिकवणाऱ्याच्या चुका ताज्या आठवणीत असणे हे शिकणाऱ्याच्या फार उपयोगाचे असते. निष्णात माणूस आपल्याला काय येत नव्हते हे विसरलेला असतो. कालचा नवखा ते विसरलेला नसतो. दलाच्या कलापथकातून वसंत बापट, लीलाधर हेगडे, सुधा वर्दे, निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके अशी माणसे पुढे आली, आणि त्यांच्या कीर्तीचा इतिहास लिहिलाही गेला. परंतु कलापथक ज्या शाखांच्या जमिनीवर उगवले, तेथे रोज संध्याकाळी कोणा चुकणाऱ्या मुलाचा हात धरून त्याला ठेका दाखवणाऱ्या शेकडो शाखानायकांची नावे इतिहासात नाहीत. ती असावीत अशी त्यांची अपेक्षाही नव्हती.

५

जाणत्यांनी नवख्यांना विनामोबदला हाताशी धरण्याची ही रीत केवळ आपलीच, असा समज होऊ नये म्हणून एक दूरचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेत 'स्क्वेअर डान्स' नावाचा प्रकार आहे. चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना उभ्या राहतात, आणि 'कॉलर' म्हणजे पुकारणारा जो हुकूम देईल त्याप्रमाणे आठही जण जागा बदलतात. पुढचा हुकूम कोणता येणार हे आधी ठाऊक नसते. एक जण चुकला की चौकोन मोडतो आणि आठही जण अडकून पडतात. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ येतो तो गोफ. वरून सोडलेल्या रंगीत पट्ट्या हातात धरून निम्मे गडी एका दिशेने आणि निम्मे उलट दिशेने फिरतात, एकाआड एक आतून-बाहेरून जातात, आणि गोफ विणला जातो. मग उलट पावलांनी तो उलगडायचा. विणताना झालेली एखाद्याची चूक उलगडताना सगळ्यांना भोवते.

अशा खेळात नवख्याला घेणे हे धोक्याचे असते, आणि न घेणे हे खेळाच्या मरणाचे असते. अमेरिकेतील मंडळांनी यावर जो तोडगा काढला तो आपल्या दिंडीसारखाच आहे. नवशिक्यांच्या वर्गात अनुभवी नर्तक स्वेच्छेने येतात, त्यांच्या चौकोनात उभे राहतात, आणि पुकारलेला हुकूम त्यांना कळला नाही तर हलक्या हाताने योग्य दिशा दाखवतात. त्यांना तिकडे 'एंजल' म्हणतात, म्हणजे देवदूत. गंमत अशी, की इंग्रजीने नाव दिले ते मदत करणाऱ्याला. मराठीने नाव दिले ते शिकणाऱ्याला. आपल्याकडे एंजलला शब्द नाही, कारण जाणत्याने तसे वागणे हे गृहीत होते. त्यांच्याकडे कच्च्या लिंबाचे निराळे नाव नसले तरी त्याला सांभाळणाऱ्याचा सन्मान आहे. दोन्ही भाषांनी आपापल्या परीने अर्धी गोष्ट सांगितली आहे.

या नाचाच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास मात्र निरागस नाही. १९२०च्या दशकात मोटारसम्राट हेन्री फोर्ड याने बेंजामिन लव्हेट या नृत्यशिक्षकाला हाताशी धरून जुन्या नाचांचा जोरदार प्रसार केला; १९२६ साली त्यांचे पुस्तकही निघाले. जॅझ संगीताविषयीचा तिटकारा आणि ज्यूद्वेष यांचा त्यामागे वाटा होता, हे आता सर्वमान्य आहे. ज्या नाचाला तो 'शुद्ध' गोऱ्या परंपरेचा म्हणून पुढे करीत होता, त्याच्या जडणघडणीत कृष्णवर्णीय वादकांचा आणि पुकारणाऱ्यांचा किती मोठा हात होता, हे संशोधकांनी पुढे दाखवून दिले. कोलोरॅडोतील शाळाप्रमुख लॉइड शॉ यांनी १९३९ साली आपल्या पुस्तकातून हाच नाच वेगळ्या मार्गाने शिक्षकांपर्यंत नेला. भारतातही याच सुमारास बंगालमध्ये सनदी अधिकारी गुरुसदय दत्त यांनी १९३२ साली व्रतचारी चळवळ सुरू केली आणि लाठीवाल्यांच्या रायबेंशे या मर्दानी नृत्याला शाळांत आणले. जगभर एकाच काळात सामूहिक खेळांना राष्ट्रउभारणीचे काम लावले जात होते. चळवळी ओसरल्या, त्यांचे हेतू कालबाह्य झाले. खेळ टिकला तो हाताला धरून शिकवणाऱ्यांमुळे.

६

फोर्डच्या उदाहरणावरून आपल्याकडेही वळून पाहणे भाग आहे. जाणत्यांनी नवख्याला मध्ये घेतले हे खरे. पण नवखा म्हणून कोणाला घेतले?

लेझीम हलगीवर चालते. गावगाड्यात हलगी वाजवण्याचे काम ठरावीक दलित जातींवर सोपवलेले होते. ठेका ज्याच्या हातात, तोच रांगेबाहेर, असे चित्र अनेक पिढ्या चालले. खेळातला सर्वांत जाणता गडी खेळाबाहेर उभा होता, आणि त्याच्या मुलाला कच्चा लिंबू म्हणूनही रांगेत घेण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. वाळवंटातला खेळ वर्णाभिमान विसरायला सांगत होता. तरी त्याच पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. वाळवंट आणि गाभारा यांच्यातील हे अंतर संतवाङ्मय शिकवताना आपण पुरेशा स्पष्टपणे दाखवत नाही.

स्त्रियांचेही तसेच. त्यांच्याकडे फुगडी, झिम्मा, पिंगा असे खेळ होते आणि त्यांतली शिकवणी कदाचित सर्वांत समृद्ध होती. मंगळागौरीला नव्या सुनेला मध्ये घेऊन आत्याबाई, मावशी, थोरल्या जावा तिला एकेक खेळ शिकवीत, आणि त्या एका रात्रीत तिची सासरच्या बायकांशी ओळख होई. पण तो खेळ घराच्या आत, बायकांपुरता होता. मुलगे आणि मुली एकाच पटांगणावर लेझीम घेऊन उभे राहणे ही राष्ट्र सेवा दलाच्या आणि नंतर शाळांच्या काळातली गोष्ट. म्हणजे परंपरेत जागा होती, पण तिला कुंपण होते. आधुनिक चळवळींनी कुंपण काही अंशी काढले, आणि त्याच वेळी शिट्टी व प्रात्यक्षिके आणून नवख्याची जागाही आकसवली. या दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या हे लक्षात घेतले, तर 'जुने तेच चांगले' आणि 'नवे तेच पुरोगामी' हे दोन्ही सोपे निष्कर्ष टाळता येतात.

७

पुढचा टप्पा प्रेक्षकांचा आहे. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनाला महाराष्ट्राची लेझीम होती. २६ जानेवारी २०१४ रोजी सांगलीत सांगली शिक्षण संस्थेच्या उपक्रमात ७,३३८ जणांनी एकत्र लेझीम खेळून गिनेस विक्रम नोंदवला. एवढ्या संख्येने मुलांना एका ठेक्यावर आणणे हे शिकवणाऱ्यांचेच यश म्हटले पाहिजे, आणि इतक्या मोठ्या संख्येत नवख्यांना जागा मिळालीच असणार. स्पर्धेत आणि व्यासपीठावर मात्र उलट होते. तेथे संघ ठरावीक संख्येचा असतो, वेळ मोजलेला असतो, परीक्षक चुका टिपत असतात. दिंडीचा नियम असा होता की चूक झाली तरी खेळ थांबवू नये. स्पर्धेचा नियम असा की चूक होऊ शकेल असा माणूसच घेऊ नये. त्यामुळे खेळ अधिक देखणा झाला आणि शिकण्याची वाट अरुंद झाली.

याच प्रवासाचे शेवटचे टोक जानेवारी २०२५मध्ये दिसले. 'छावा' या चित्रपटाच्या झलकेत संभाजीमहाराज लेझीम खेळताना दाखवले होते. त्यावर आक्षेप घेतले गेले, आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य वगळले. आक्षेप घेणाऱ्यांच्या भावना वा चित्रपटाची ऐतिहासिकता हा येथे विषय नाही. पण त्या चर्चेतले शब्द पाहावेत. वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर 'नृत्य', 'डान्स', 'नाचताना' हेच शब्द फिरत होते, 'खेळताना' क्वचितच. पडद्यावर ते दृश्य नाच म्हणूनच बसवलेले असावे, कारण पडद्याला पाहणारा लागतो. तालमीतून निघालेली, पैलवानांच्या हातातली लेझीम राजाच्या हाती शोभते की नाही असा वाद मराठीत उभा राहू शकला, याचे एक कारण 'लेझीम खेळणे' हा प्रयोग आपल्या तोंडून सुटत चालला आहे, हे असावे. क्रियापद बदलले की वस्तूही बदलते.

असे असले तरी चित्र सर्वस्वी निराशेचे नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीचे अप्पा पेंडसे यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांची ढोल आणि बरचीची पथके गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत उतरली, आणि त्यातून पुढे पथकांची मोठी परंपरा तयार झाली. आवाजाचे, गर्दीचे, दिखाऊपणाचे आक्षेप या पथकांवर घेतले जातात आणि ते अनाठायी नाहीत. परंतु उत्सवाच्या आधीचे दीड-दोन महिने संध्याकाळी जो सराव चालतो, त्यात गेल्या वर्षीचे वादक यंदाच्या नव्यांना ठोके शिकवत उभे असतात. कमरेला ढोल बांधायचा कसा, टिपरू धरायचे कसे, ठेका हुकला तर गडबडून न जाता पुढच्या आवर्तनाला पुन्हा कसे मिळायचे, हे ते सांगतात. त्यांना त्याबद्दल काही मिळत नाही. ही दीड-दोन महिन्यांची संध्याकाळ ही माझ्या मते पथकांची खरी कमाई आहे. मिरवणूक हा तिचा एक दिवस.

गोदाकाठच्या सप्ताहातही हेच चालू आहे. कोपरगाव, वैजापूर, श्रीरामपूर, सिन्नर अशा तालुक्यांतली माणसे सात दिवस एका गावी येतात. भजनाचे पहारे वाटून घेतले जातात, आणि रात्रीच्या पहाऱ्याला जेव्हा गर्दी कमी असते तेव्हा नव्या मुलांना टाळ हाती धरायची सर्वांत चांगली संधी मिळते. पाहणारे थोडे असतात, चुकायला भीती वाटत नाही, आणि शेजारी उभा असलेला म्हातारा टाळकरी झोपेला आलेल्या मुलाला ठेक्यावर ठेवत स्वतःही जागा राहतो.

मराठीच्या अध्यापकांना यातून एक लहानसे काम करता येण्यासारखे आहे. गाथेतले खेळांचे अभंग शिकवण्याच्या आधी वर्गाला तो खेळ खेळायला लावावा. कोपरगावच्या महाविद्यालयात जर ते झाले तर त्या संस्थेच्या नावाला ते विशेष शोभेल. फुगडी येत नसलेले अनेक जण निघतील. ज्यांना येते त्यांनी त्यांचे हात धरावेत. रूपकाची कोष्टके नंतर मांडता येतील.